सीटीतली बारीक धमनी थ्रीडीत दिसेपर्यंत: नवख्यांसाठी वाटाड्या

कवटी, बरगड्या, मांडीचं हाड यांचं थ्रीडी चित्र आज कोणताही बरा लॅपटॉप काढून देतो. सीटीच्या आकड्यांत हाड आणि भोवतालचं मांस एकमेकांपासून इतके दूर असतात की सॉफ्टवेअरला फारसं काही करावंच लागत नाही. खरी परीक्षा बारीक गोष्टींची. हृदयावरून उतरत जाणारी दीड-दोन मिमीची धमनी, डोळ्याच्या खोबणीची आतली पातळ भिंत, मधल्या कानातलं सर्वांत छोटं हाड. इथे चित्र तुटतं, रवाळ होतं किंवा नको त्या ठिकाणी भोकं पडतात. मग नवखा माणूस सॉफ्टवेअर बदलत बसतो.

सॉफ्टवेअर बदलून सहसा काही होत नाही. बारकावा किती मिळणार हे बरंचसं रेंडरच्या, म्हणजे आकड्यांतून चित्र काढण्याच्या, बटणाला हात लागण्याआधी, स्कॅनच्या सीरीजमध्येच ठरलेलं असतं. उरलेलं ठरतं एका वक्ररेषेवर, आणि ती रेषा तुम्ही स्वतः ओढायची असते. खालच्या पायऱ्या थ्रीडी स्लायसर या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसाठी लिहिल्या आहेत, पण तत्त्व सगळीकडे तेच. ब्राझीलमध्ये तयार झालेलं इनव्हेसालियस घ्या, किंवा कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अजय लिमये यांनी बांधलेलं ‘दृष्टी’ घ्या. जीवाश्मांचे मायक्रो-सीटी पाहणारी मंडळी दृष्टी आवडीने वापरतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच. स्लायसर संशोधन आणि शिक्षणासाठी आहे, निदानासाठी मान्यताप्राप्त नाही. घरच्या कुणाचा स्कॅन उघडून पाहायला हरकत नाही, पण त्यावरून निष्कर्ष काढायचा तो रेडिओलॉजिस्टनेच.

सीरीज निवडणं

सेंटरवरून मिळालेली सीडी उघडली की एकाच तपासणीच्या अनेक सीरीज दिसतात. त्यांतली ५ मिमी जाडीची सीरीज फिल्मवर छापायला आणि भराभर वाचायला सोयीची असते. थ्रीडीसाठी ती निकामी आहे. हिशोब करून पाहा. सीटीची एक स्लाइस, म्हणजे शरीराचा एक आडवा छेद, बहुतेक वेळा ५१२ × ५१२ ठिपक्यांची असते. २५० मिमी रुंदीचा भाग तीत बसवला, तर एक ठिपका साधारण ०.४९ मिमीचा होतो. त्यावर ५ मिमी जाडी म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेल (जाडीसकट धरलेला ठिपका, चित्राची एक वीट) रुंदीच्या दहापट उंच. आडव्या स्लाइसमध्ये छान दिसणारी धमनी उभ्या दिशेने पायऱ्या-पायऱ्यांची होणारच, आणि कोणतंही सेटिंग त्या पायऱ्या खऱ्या अर्थाने भरून काढू शकत नाही.

म्हणून ०.५ ते १ मिमी जाडीची सीरीज शोधा. सीडीवर नसेल तर सेंटरला विचारा. ‘थिन स्लाइस, सॉफ्ट कर्नल, थोडं ओव्हरलॅप’ एवढं सांगितलं की तंत्रज्ञाला कळतं. ओव्हरलॅप म्हणजे स्लाइस ०.७५ मिमी जाड, पण दर ०.५ मिमीला एक. विचारायला उशीर करू नका. स्कॅनरवरचा कच्चा डेटा जागा करण्यासाठी काही दिवसांत पुसला जातो, आणि तो गेल्यावर पातळ स्लाइस नव्याने काढता येत नाहीत.

कर्नल म्हणजे कच्च्या डेटातून स्लाइस तयार करताना लावलेली गाळणी. तिच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. स्लाइस वाचताना हाडासाठी तीक्ष्ण कर्नल वापरतात, कारण कडा ठळक होतात. पण कडांबरोबर तो नॉइजही, म्हणजे आकड्यांतला निरर्थक चढउतारही, वाढवतो, आणि कडेच्या दोन्ही बाजूंना आकडे खऱ्यापेक्षा वर-खाली ढकलतो. थ्रीडीत हे सगळं पृष्ठभागावरच्या खरबरीत दाण्यांच्या रूपात दिसतं. रक्तवाहिन्यांसाठी सॉफ्ट कर्नलच घ्यावा. हाडाच्या थ्रीडीसाठीही मी आधी सॉफ्ट किंवा मध्यम सीरीज उघडतो. तीक्ष्ण सीरीज कानाच्या हाडासारख्या ठिकाणी कामाला येते. तिथे स्कॅन करणारेही १०० मिमीच्या आसपासचं छोटं क्षेत्र घेऊन ठिपका ०.२ मिमीपर्यंत आणतात. अर्थात ठिपका लहान केला म्हणून स्कॅनरची मूळ क्षमता वाढत नाही. ती वाढायला यंत्रच बदलावं लागतं. २०२१ साली अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या फोटॉन-काउंटिंग सीटीबद्दल एवढी उत्सुकता आहे ती याचसाठी.

हाताशी स्कॅन नसेल तर स्लायसरच्या ‘सॅम्पल डेटा’ विभागातून ‘सीटीए-कार्डिओ’ उतरवून घ्या. छातीचा, कॉन्ट्रास्ट (रक्त उजळ दिसावं म्हणून शिरेतून दिलेलं द्रव्य) देऊन केलेला हा स्कॅन आहे. पुढचा सराव त्यावरच करू.

उघडल्यावर आधी आकडे पाहा

स्वतःचा स्कॅन असेल तर डायकॉमचं (वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या फाइल-प्रकाराचं) फोल्डर स्लायसरच्या खिडकीत ओढून टाका आणि यादीतून हवी ती सीरीज लोड करा. लोड होताना भूमितीबद्दल इशारा आला तर दुर्लक्ष करू नका. मधली स्लाइस गहाळ असणं किंवा डोक्याच्या स्कॅनमध्ये गँट्री (स्कॅनरची गोल चौकट) तिरकी असणं ही त्याची नेहमीची कारणं. मग ‘व्हॉल्यूम्स’ विभागात ‘इमेज स्पेसिंग’ वाचा. तीनही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर पुढे जा. तिसरा आकडा ३ किंवा ५ दिसला तर चुकीची सीरीज उघडली आहे.

आता कर्सर स्लाइसवर फिरवा. डाव्या बाजूला खाली ‘डेटा प्रोब’मध्ये त्या जागेचा आकडा दिसतो. हे हाउन्सफिल्ड माप आहे. हवा उणे १०००, पाणी शून्य, चरबी साधारण उणे १००, स्नायू ४० ते ६०, टणक हाड १००० च्या आसपास किंवा वर. ज्यांचं नाव या मापाला मिळालं त्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, तेव्हा अख्खं चित्र ८० × ८० ठिपक्यांचं होतं.

कागद घ्या आणि पाच ठिकाणचे आकडे लिहून ठेवा: महाधमनीच्या मध्यभागी, डाव्या जवनिकेच्या स्नायूत, हृदयाभोवतीच्या चरबीत, बरगडीत, आणि दिसेल त्या सर्वांत बारीक धमनीच्या मध्यभागी. कंटाळवाणं वाटतं, पण पुढची सगळी मजा याच पाच आकड्यांवर आहे. दुसऱ्याच्या स्कॅनवर बसवलेले आकडे तुमच्या स्कॅनवर बसत नाहीत. कॉन्ट्रास्ट किती दिला, किती वेगाने दिला, ट्यूबचा व्होल्टेज किती होता, यावर रक्ताचा आकडा बदलतो.

पहिलं चित्र, आणि छातीचा पिंजरा बाजूला

‘व्हॉल्यूम रेंडरिंग’ विभागात जा, व्हॉल्यूमशेजारचा डोळा उघडा, प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगच्या यादीत) ‘सीटी-कोरोनरी-आर्टरीज’ निवडा. त्याचे दोन-तीन प्रकार आहेत, कोणताही चालेल. खालची ‘शिफ्ट’ पट्टी डावी-उजवीकडे सरकवा. कोणता आकडा किती दिसावा हे ठरवणारी अख्खी वक्ररेषा आकड्यांच्या अक्षावर सरकते आणि थर उलगडत-मिटत जातात. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं, आणि ओबडधोबड चित्रासाठी ते पुरेसंही आहे.

हृदय मात्र अजून बरगड्यांच्या आड असणार. बरगडी आणि कॉन्ट्रास्टने भरलेलं रक्त यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे रंग किंवा ओपॅसिटी (अपारदर्शकता) बदलून त्यांना वेगळं करता येत नाही. जागेवरूनच कापावं लागतं. ‘क्रॉप’ सुरू करा, चौकटीचे दांडे ओढून हृदयाभोवती घट्ट आणा. चौकटीने उरोस्थी गेली तरी बाजूच्या बरगड्या कोपऱ्यांत राहतातच. त्यांच्यासाठी ‘सेगमेंट एडिटर’मधली कात्री वापरा आणि ‘मास्क व्हॉल्यूम’ने तो भाग झाका. झाकलेल्या जागी हवेचा आकडा, म्हणजे उणे १०००, भरा. शून्य भरलात तर तिथे पाण्याइतका घन ठोकळा उभा राहतो आणि कडेला खोटा पडदा दिसतो.

कापण्याचं काम नेहमी वक्ररेषेच्या आधी करावं. नको असलेला भाग डोळ्यांसमोर असताना माणूस नकळत तो लपवण्यासाठी रेषा वाकवतो, आणि त्या नादात बारीक धमन्याही जातात.

ओपॅसिटीची रेषा

आता मुख्य काम. ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून ‘व्हॉल्यूम प्रॉपर्टीज’मध्ये ‘स्केलर ओपॅसिटी’चा आलेख पाहा. आडव्या अक्षावर हाउन्सफिल्ड आकडा, उभ्या अक्षावर ० ते १ ओपॅसिटी. शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, एक म्हणजे भिंत. रेंडर करताना संगणक प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण व्हॉल्यूममध्ये सोडतो, वाटेत ठरावीक अंतरावर आकडा वाचतो, या आलेखावरून त्याची ओपॅसिटी आणि रंग घेतो आणि सगळं एकावर एक रचत जातो. मार्क लेव्हॉय यांनी १९८८ साली मांडलेली ही कल्पना. त्याच वर्षी ॲनिमेशनपटांसाठी आपल्याला माहीत असलेल्या पिक्सारमधल्या तिघांनीही व्हॉल्यूम रेंडरिंगवर निबंध प्रसिद्ध केला होता. तेव्हा पिक्सार स्वतःचा इमेज कॉम्प्युटर रुग्णालयांना विकू पाहत होती.

समजा तुमच्या कागदावर महाधमनी ३८०, हृदयाचा स्नायू १०० (कॉन्ट्रास्टमुळे चढलेला), चरबी उणे ९०, बारीक धमनी २०० असे आकडे आहेत. नवखा विचार असा असतो की रक्त ३८० आहे, तर २५० पासून वर दाखवू. तसं करून पाहा. मोठ्या धमन्या झळकतात आणि टोकाच्या फांद्या मध्येच तुटतात. रक्त तिथेही तेच आहे, मग आकडा २०० का? कारण दीड मिमीची धमनी अर्ध्या मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये जेमतेम तीन घरं व्यापते. कडेच्या घरांत अर्धं रक्त, अर्धी चरबी. दोन्हींची सरासरी होऊन आकडा खाली येतो, आणि कर्नलच्या गुळगुळीतपणाने मधलं घरही थोडं पडतं. रेडिओलॉजीत याला पार्शल व्हॉल्यूम परिणाम म्हणतात. थ्रीडीतल्या बहुतेक ‘गायब’ बारकाव्यांचं मूळ हेच.

म्हणजे उंबरठा खाली आणायला हवा, पण १०० ला स्नायू आहे. तुमची मोकळी जागा एवढीच, १३० ते २००. म्हणून १३० ला ओपॅसिटी शून्याजवळ, २०० ला ०.४ च्या आसपास, ३०० ला ०.८ असे बिंदू ठेवा. आलेखावर क्लिक केलं की नवा बिंदू येतो, तो ओढता येतो. एकेक बिंदू हळू सरकवा आणि नजर सर्वांत बारीक फांदीवर ठेवा. महाधमनी पाहत बसलात तर काय बिघडलं ते कळणार नाही. चढ उभा केला की कडा धारदार पण नॉइजही टोकदार. चढ पसरट केला की चित्र धुकट पण फांदी सलग. बारीक वाहिन्यांसाठी मी पसरट बाजूला झुकतो, कारण तुटलेली धमनी पाहणाऱ्याची दिशाभूल करते, धुकट धमनी तेवढी करत नाही.

आता वेगळीच अडचण दिसेल. स्नायू पूर्ण पारदर्शक केल्यामुळे जवनिकेतलं रक्त आरपार दिसतंय, आणि तो मोठा चमकदार गोळा समोरच्या धमन्यांना गिळतोय. उपाय असा की स्नायू पूर्ण पुसायचा नाही. ६० ते १३० दरम्यान ओपॅसिटी थोडी वर घ्या, ०.१ ते ०.२ इतकी. स्नायूचा थर जाड असल्याने एवढ्यावरही तो आतला गोळा झाकतो. त्यावरून जाणारी धमनी चरबीत बसलेली असते, चरबी पारदर्शकच राहते, आणि स्नायूच्या मळकट पार्श्वभूमीवर धमनी उठून दिसते.

रंगांचा आलेख शेजारीच आहे. पाठ्यपुस्तकातला लाल-निळा भरण्यापेक्षा रंग तिथे बदलावा जिथे तुम्हाला फरक पाहायचा आहे. स्नायूला गडद तपकिरी, २०० ते ४०० ला नारिंगीकडून फिकट गुलाबी, ६०० च्या वर जवळजवळ पांढरा. कॅल्शियमचे साठे कॉन्ट्रास्टपेक्षाही चढे असतात, ते आपोआप पांढरे उमटतात.

एमआरआयसाठी मात्र हा सगळा हिशोब लागू नाही. त्यात आकड्यांना ठरलेलं माप नसतं, आणि एकाच ऊतीचा आकडा चित्राच्या दोन टोकांना वेगळा असू शकतो. दातांच्या कोन-बीम स्कॅनचे आकडेही हाउन्सफिल्ड म्हणून भरवशाचे नसतात. तिथे प्रीसेट फक्त सुरुवात म्हणून घ्या आणि रेषा पूर्णपणे नजरेने बसवा.

प्रकाश आणि ग्रेडियंट

आपल्याला आकार कळतो तो छायेवरून. ‘शेड’ चालू ठेवा. ‘ॲम्बियंट’ ०.१ ते ०.२, ‘डिफ्यूज’ ०.८ ते ०.९, ‘स्पेक्युलर’ ०.२ एवढ्यावर सुरुवात चांगली होते. स्पेक्युलर वाढवला की सगळं ओलं, चकाकतं दिसतं. जाहिरातीत ते बरं, पण चकाकीच्या ठिपक्यांत लहान खाचा हरवतात.

छाया काढायला संगणकाला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते लागतं, आणि ते तो शेजारच्या व्हॉक्सेलच्या आकड्यांतल्या फरकावरून, म्हणजे ग्रेडियंटवरून काढतो. त्यामुळे आकड्यांत थोडाही नॉइज असला तरी छायेत तो कितीतरी ठळक होतो. स्लाइस ठीक दिसत असून थ्रीडी रवाळ दिसतं ते यामुळेच.

‘ग्रेडियंट ओपॅसिटी’ हा तिसरा आलेख बहुतेक जण उघडतही नाहीत. तो एकसारखे भाग पारदर्शक करतो आणि जिथे आकडा झपाट्याने बदलतो तेवढ्या कडा राखतो. अवयवांच्या भिंती दाखवायला हे प्रभावी आहे. बारीक धमन्यांवर हात जपून. त्यांचा ग्रेडियंट आधीच मंद झालेला असतो, त्यामुळे आलेख जोरात वर नेला की सर्वांत आधी त्याच जातात.

दर्जा, पाऊल आणि नॉइज

चित्र फिरवताना लाकडाच्या रेषांसारखी वलयं दिसली तर किरणाचं पाऊल मोठं आहे. एका व्हॉक्सेलमध्ये निदान दोनदा तरी वाचन व्हायला हवं. ‘क्वालिटी’ नेहमी ‘ॲडॉप्टिव्ह’वर ठेवा, म्हणजे फिरवताना हलकं आणि थांबल्यावर नीट दिसेल. अंतिम चित्रापुरतं ‘मॅक्सिमम’. ग्राफिक्स कार्ड असेल तर ‘जीपीयू रे कास्टिंग’ निवडा, नसेल तर सीपीयूवरही होतं, वेळ लागतो एवढंच.

व्हॉक्सेल तिन्ही बाजूंनी समान करायचे असतील तर ‘क्रॉप व्हॉल्यूम’मध्ये ‘आयसोट्रॉपिक’ पर्याय आहे. इथे ‘स्पेसिंग स्केल’ ०.५ करून दुप्पट बारकावा मिळवण्याचा मोह होतो. त्याने नवी माहिती येत नाही, मधले आकडे अंदाजाने भरले जातात. छाया थोडी मऊ होते हे खरं, पण ५१२ × ५१२ × ६०० चा साधारण ३०० एमबीचा व्हॉल्यूम आठपट, म्हणजे २.४ जीबी होतो आणि लहान ग्राफिक्स कार्ड हात टेकतं. करायचंच असेल तर कापून छोट्या केलेल्या भागावर करा.

नॉइजसाठी गॉसियन गाळणी टाळा, ती कडाही पुसते. ‘कर्व्हेचर ॲनायसोट्रॉपिक डिफ्यूजन’ कडांपाशी थांबते आणि आतला भाग गुळगुळीत करते. टाइम स्टेप ०.०६२५ च्या वर नेऊ नका, त्रिमितीत गणित अस्थिर होतं. पुनरावृत्ती कमीत कमी ठेवा, आणि दर वेळी त्याच बारीक फांदीचा आकडा मूळ व्हॉल्यूममधल्या आकड्याशी ताडून पाहा. फांदी २०० वरून १६० वर आली असेल, तर चित्र सुंदर झालं आणि माहिती गेली.

खोटी भोकं

ही पायरी कधीच गाळू नका. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत काही ठिकाणी ०.३ मिमीइतकी पातळ असते. ०.६ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये ती अर्धीच जागा घेते. हाड ८०० धरा, उरलेल्या अर्ध्यात निम्मी सायनसमधली हवा, निम्मी खोबणीतली चरबी. सरासरी काढा: ४०० वजा २५० वजा २५, म्हणजे १२५. तुमची ओपॅसिटी २०० पासून सुरू होत असेल तर तिथे हाड नाहीच, भोक आहे. भिंत प्रत्यक्षात शाबूत आहे. फ्रॅक्चर पाहायला बसलेल्या विद्यार्थ्याची इथे हमखास फसगत होते. उलट बाजूनेही तेच. उंबरठा फार खाली नेला तर खरी भेग बुजते आणि शेजारच्या दोन वाहिन्या चिकटलेल्या दिसतात.

म्हणून थ्रीडीत दिसलेली प्रत्येक रोचक जागा स्लाइसमध्ये जाऊन तपासा. स्लायसरमध्ये शिफ्ट दाबून थ्रीडीतल्या पृष्ठभागावर माउस फिरवला की तिन्ही स्लाइस त्याच जागी येतात. धमनी तुटलेली दिसते तिथे थांबा, स्लाइसमध्ये रक्ताचा उजळ ठिपका पुढे चालू आहे का बघा. चालू असेल तर दोष तुमच्या रेषेचा. ठिपका बाजूला सरकून पुन्हा सुरू होत असेल तर बहुधा स्कॅनच्या वेळी हृदय हललं आहे, आणि तसं असेल तर सगळे पर्याय चाळून काही हाती लागणार नाही.

जतन आणि वाटप

रेषा मनासारखी बसली की ती वेगळा प्रीसेट म्हणून जतन करा आणि नावात कॉन्ट्रास्टचा आकडा लिहा. पुढच्या स्कॅनमध्ये महाधमनी ४५० निघाली तर ‘शिफ्ट’ किती सरकवायचं याचा अंदाज लगेच येतो. चित्राबरोबर स्लाइसची जाडी, कर्नल आणि ओपॅसिटी कुठून सुरू होते हे तीन आकडे द्यावेत. ते नसतील तर तुमचं चित्र दुसऱ्याला पुन्हा काढून तपासता येत नाही.

व्हॉट्सॲपवर किंवा सादरीकरणात टाकण्याआधी कोपऱ्यातलं नाव, वय, रुग्ण क्रमांक काढाच. डायकॉम फाइल द्यायची असेल तर तिच्या आतली माहितीही पुसावी लागते, फाइलचं नाव बदलून भागत नाही. आणि डोक्याच्या सीटीत तेवढ्यानेही भागत नाही. ओपॅसिटी उणे ३०० च्या आसपास आणली की त्वचा उभी राहते आणि माणूस ओळखू येईल असा चेहरा समोर येतो. अशी फाइल बाहेर द्यायची असेल तर चेहऱ्याचा भाग मास्क करून, नवा व्हॉल्यूम म्हणून जतन करून तोच द्या.